शिंपले संपतात तिथे

आमच्या दुसरबीडात समुद्र पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. पण माझी बहीण महामाया समुद्रात बुडून गेली आणि गावातल्या झाडून सगळ्यांना समुद्रातलं कळायला लागलं. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी गावातले नारायणराव विहाराच्या पायरीवर बसून सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरीच्या जातीनं इतक्या खोल जायचं कायले?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाबा शेजारीच बसले होते, म्हणून गिळलं.

बाबांना तोच प्रश्न छळत होता, फक्त वेगळ्या कारणाने. इंद्रभान विहीरवाला म्हणून त्यांना पंचक्रोशी ओळखते. जमिनीत माणूस खोल जातो तो खाली पाणी असतं म्हणून. समुद्रात पाणी तर वरच असतं. मग पोरगी खाली कशासाठी गेली, हे कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

काही दिवसांनी अर्पिता आली. मुलगी नांदुऱ्याची, रत्नागिरीला महामायाबरोबर एकाच कामावर होती. मायनं तिला पोटाशी धरलं, दोघी पोटभर रडल्या. बाबांनी त्यांचं रडणं ओसरू दिलं आणि विचारलं, "ते कामच काय होतं, सांग बरं."

अर्पितानं सांगितलं. कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात, ते खडकाला चिकटलेले शिंपले मोजायचे. पाणी खोल होत जातं तसे ते किती कमी होतात ते पाहायचं. बाबांना कळावं म्हणून ती परसात बोलत होती. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. वर लाटांजवळ बोट ठेवायला जागा नसते इतके दाट. दोन परसावर विरळ. तीनावर एखाददुसरा.

"अन् मही पोरगी कितीवर होती?"

"पाच परसावर."

"तिथं असतेत शिंपले?"

"नसतेत, काका. बहुतेक नसतेतच."

बाबांचा आवाज चढला. "मंग जिथं काहीच नाही, तिथं कायले गेली ते?"

"नाही हेच पाहाले गेली," अर्पिता म्हणाली. "वरचं मोजून झालं होतं. मी म्हटलं, खालचं शून्य लिहून टाकू, सगळ्याइले माहीतच आहे. तर म्हणे, न पाहता कसं लिहू? बाबाले कळलं तर घरात घेणार नाहीत." मग ती खाली मान घालून म्हणाली, "खाली कोणाचं तरी तुटलेलं जाळं होतं. त्यात पाय अडकला."

मला बाबांकडे बघवेना. त्यांनी कधी कोणाच्या विहिरीला काठावर उभं राहून कोरडी म्हटलं नाही. कमरेला दोर बांधून स्वतः उतरायचे, तळाच्या दगडाला हात लावायचे, मगच मालकाशी बोलायचे. आम्हा दोघांना लहानपणापासून याचेच धडे, आणि मार खाल्ला तोही यावरूनच.

मग बाबांनी विचारलं, "मंग झालं का ते मोजून?"

"नाही. राह्यलं ते. पुढच्या महिन्यात मी उतरणार आहे."

बाबा उठले. आपल्या पोरीच्या वयाच्या त्या पोरीपुढे त्यांनी हात जोडले.

"नको उतरू, पोरी. काहीच नाही म्हणून लिहून टाक. कोण जाते पाहाले?"