गुजरी चौकातलं पाणी

"थांब बे बाबुलाल, थांब! चिंचेकडचा कोपरा बोटभर उंच झाला."

बाबुलाल मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. यादोराव चौकाच्या मधोमध गुडघे टेकून, गाल जवळपास मातीला लावून, एक डोळा मिटून बघत होता. धोतर मळलेलं, टोपी कुठल्या कुठे पडलेली.

"काकाजी, दोरी लावून पाहिली ना मी."

"दोरीले काय समजते? खरवड तिकडची माती."

बाबुलालनं माती खरवडली. न खरवडून सांगतो कोणाला! साऱ्या गावाच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, यादोरावनं सपाट केलेल्या. रोवणीच्या आधी चिखलात फळी फिरवायची तर ती यादोरावनंच. त्याच्या बांधीत पाणी या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सारखं उभं राहायचं, आणि वीतभर उंचीचे ते मातीचे धुरेही असे, की आषाढभर त्यातून एक थेंब पाझरायचा नाही. लोक आसगावहून त्याला बोलवायला यायचे.

पण ती सगळी जुनी गोष्ट झाली. यादोरावची स्वतःची बांधी कालव्यात गेली. मोबदला मिळाला, घरावर स्लॅब पडला, लेकीचं, डिंपलचं लग्न थाटात झालं, म्हणजे तक्रार करायलाही जागा नव्हती. मोबदल्यात एक टीव्हीही आला आणि यादोराव त्याच्यासमोर बसला तो बसलाच. सुनांना छळणाऱ्या सासवा बघत बसायचा. मंदाबाई म्हणायची, "घरची बायको दिसत नाई तुमाले, त्या टीव्हीतल्या बाईची मात्र भलकसी काळजी!" पूर्वी त्यानं यावर चार शब्द सुनावले असते. आता नुसता हूं म्हणायचा.

आणि मग हा गुजरी चौक आला. चौकात रोज सकाळी भाजी विकायला बसतात म्हणून गुजरी. भाऊबीजेनंतर गावची मंडई, म्हणजे जत्राच, भरायची तीही इथंच, चिंचेखाली. सासरी गेलेल्या लेकी यायच्या, पाळणे लागायचे, दंडारीच्या नाचाचे ढोल वाजायचे. पण नळाच्या पाइपासाठी चौक खोदला गेला, आणि खोदणारे गेले ते गेलेच. तीन पावसाळ्यांत खड्ड्यांत खड्डे झाले. मंडई हलली मोठ्या रस्त्यावर, ट्रकांच्या धुरात. यंदा जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला असलेला भूपेश सुट्टीला आला आणि त्यानं गावची बैठक बोलावली. चौक आपणच बांधू, म्हणाला. मंडईच्या आधी झाला तर मंडई चौकात. नाही झाला तर मंडई कायमची रस्त्यावर, मग बोंबलू नका.

कोपऱ्यातून यादोराव उठला होता. बैठकीत तो बोलेल असं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"जमीन माह्याकडे द्या. अशी करून देतो का पाणी हालणार नाई."

टाळ्या पडल्या. त्या रात्री यादोराव दोन भाकरी जास्त जेवला आणि टीव्ही कोणी लावलाच नाही.

आता गावात कामाला काय तोटा! सिमेंट कोणी दिलं, रेती कोणी. धानाची कापणी आटपून माणसं संध्याकाळी चौकात यायची, बायका चहा घेऊन यायच्या, अन् एकमेकांची टिंगल करत घमेली या हातातून त्या हातात जायची. यादोराव मध्ये उभा राहून ओरडायचा. दोन वर्षं न निघालेला आवाज निघत होता. चौकाच्या चारी बाजूंनी वीतभर उंच काठ बांधायचा, म्हणजे मोटारसायकली आत शिरत नाहीत, हीही त्याचीच अक्कल. बाबुलालनं तो काठ सिमेंटचा, गुळगुळीत बांधून दिला. आतल्या जमिनीवर कोबा टाकला. मग त्याला पाणी पाजायची वेळ आली. सकाळी टाकलेलं पाणी संध्याकाळपर्यंत जागचं हलायचं नाही, उन्हानं आटेल तेवढंच.

"याले म्हणते काम!" बाबुलाल म्हणायचा. "वरून ओलं पोतं टाकाचीबी गरज नाई."

सगळे कौतुकानं माना डोलवायचे. सगळे धानवाले. पिढ्यान्‌पिढ्या पाणी अडवण्यात हयात गेलेले. चांगलं उभं पाणी दिसलं की यांचा जीव सुखावतो, त्याला ते तरी काय करणार?

मंडईच्या दिवशी सकाळीच ग्रामपंचायतीचा टँकर आला. चौक धुवून काढायचा, रांगोळ्या घालायच्या आणि मग दुकानं लागायची. टँकरवाल्या धर्मेंद्रनं नळी सोडली. बायका पदर खोचून, खराटे घेऊन उतरल्या. चिंचेकडून पाणी लोटलं ते मारुतीच्या देवळाकडे गेलं. देवळाकडून लोटलं ते चिंचेकडे आलं. पुन्हा लोटलं. पुन्हा आलं. मंदाबाई कंबरेवर हात ठेवून थांबली. घोट्यापर्यंत पाणी होतं आणि त्यात चिंच, मारुतीचा कळस आणि वरचं आभाळ असं सगळं स्वच्छ दिसत होतं.

"अवो," ती काठावर उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, "हे पाणी जाईन कोठून?"

यादोरावनं पाण्याकडे पाहिलं. काठाकडे पाहिलं. चारी बाजूंनी पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

इतक्यात कोपऱ्यात काठाबाहेर मासे घेऊन बसलेल्या कौशल्याबाईच्या घमेल्यातली जिती मरळ उसळली आणि पडली ती सरळ चौकात. सळसळत निघाली की चौकभर! "माय वं, माही मरळ!" कौशल्याबाई ओरडली. पोट्टे धावले, बायका किंचाळल्या, धर्मेंद्र आपटला, आणि जो हशा पिकला म्हणता!

"यादोरावभाऊ, बांधी बांधली जी तुमी चौकात!"

"धानाचे पऱ्हे आणा रे कोणी! आजच रोवणी करून टाकू!"

"मंडईले लोकं डोंग्यातून येतीन आता!"

हसणाऱ्यांत वाईट मनाचा एकही नव्हता. धुरा रचायला यांचेच हात लागले होते आणि पाणी जाईल कुठून, हे त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, म्हणून तर जास्तच हसत होते. पण यादोरावनं खाली मान घातली, टोपी उचलली आणि घर गाठलं. बाजेवर बसला. समोर बंद टीव्ही.

मंदाबाई ओल्या पायांनीच मागोमाग आली.

"हसले वं लोकं माह्यावर."

"हसण्यासारखं केलं तं हसतीन नाई तं का रडतीन? मीबी हसली." ती त्याच्या शेजारी बसली. "मरळ कशी पळाली, पाह्यलं का?"

पण यादोराव हसला नाही. आपले दोन्ही तळवे त्यानं तिच्यापुढे धरले.

"मंदे, मले बांधीच करता येते वं. दुसरं काईच येत नाई. तेबी चौकात करून बसलो. बांधी गेली, आता मी कायचा?"

मंदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलंही नाही. तीस वर्षं तिनंही त्याच बांधीत कंबर वाकवली होती.

दारात भूपेश उभा होता. धापा टाकत होता.

"काकाजी, चला लवकर. दुकानवाले येऊन राहिले."

"बाबुलालले सांग ना. छिन्नी मारली का काठ फुटते. त्याले मी कायले पाहिजे?"

"बाबुलाल छिन्नी घेऊन बसून आहे. हात लावत नाई. कोणीच लावत नाई."

"काहून?"

"म्हणते, दुसऱ्याचा धुरा कोण फोडन?"

यादोरावनं मान वर केली. भूपेश चेष्टा करतोय का, हे त्यानं नीट निरखून पाहिलं. भूपेश चेष्टा करत नव्हता. या मुलखात दुसऱ्याच्या धुऱ्याला कोणी हात लावत नाही. पाणी फुटायला आलं, पीक बुडायला लागलं, तरी आधी मालकाच्या घरी जायचं, त्याला हाक मारायची, आणि पाण्याला वाट त्यानंच काढून द्यायची. वीतभर धुऱ्यापायी सख्खे भाऊ जन्मभर बोलले नाहीत अशी घरं गावात होती. ही रीत मातीच्या धुऱ्याची. आज सिमेंटच्या काठाला माणसांनी तीच लावली होती.

"उठा," मंदाबाई डोळे पुसत म्हणाली. "मालकाले बोलावून राहिले."

यादोराव उठला. चौकाशी आला तेव्हा हसणं थांबलं होतं. सगळा गाव काठाच्या बाहेर उभा होता, आत एक पाऊल कोणाचं नव्हतं. यादोरावनं चपला काढल्या आणि काठावर चढला. एका पावलापुढे दुसरं पाऊल टाकत, धुऱ्यावरून चालतात तसा चौकाला फेरी घालून आला. आभाळ भरलेल्या त्या पाण्याकडे बघता बघता त्याच्या मनात आलंच, की काम झालंय मात्र फक्कड. तसं पाणी या गावात आता कोणाच्याच बांधीत नाही.

"कोठून फोडू?" त्यानं विचारलं.

"माह्या कोपऱ्यातून फोडा जी," कौशल्याबाई म्हणाली. "पुढं नाली आहे, तलावात जाते. मी रोज मासे धुतो, तेबी पाणी निंगून जाईन."

बाबुलालनं छिन्नी धरली, यादोरावनं घण घेतला. तिसऱ्या घावाला काठाला खांड पडली. पाणी क्षणभर थबकलं आणि मग वळून, वळसे घेत, जे निघालं ते गढूळ, वेगानं, थेट नालीत! लोकांनी आरोळी ठोकली. कौशल्याबाईनं चटकन घमेलं खांडीच्या तोंडाशी लावलं, कारण पाण्याबरोबर मासा येणारच, हे काय तिला सांगायला हवं? मरळ आली. सरळ घमेल्यात.

"घ्या वं मंदाबाई, तुमच्या बांधीची हाये," ती म्हणाली. "आज रस्सा करा."

"हो वं, जावई येऊन राहिले आज!" मंदाबाई हसत म्हणाली, आणि मरळीनं शेपटी आपटून तिचं लुगडं भिजवलं तशी आणखी हसली.

बघता बघता कोबा उघडा पडला. बायकांनी सडा घातला. पाळणेवाला खांब रोवू लागला, बांगड्यांची दुकानं मांडली जाऊ लागली, तीन वर्षांनी चिंचेखाली गुळाच्या जिलबीचा वास सुटला. भूपेश माणसांच्या गळ्यात पडत हिंडत होता.

यादोराव मात्र खांडीपाशीच उकिडवा बसून होता. पाणी आता बोटभर उरलं होतं. हवं तेवढं निघून गेलं की खांड बुजवायची असते, नाहीतर बांधी कोरडी पडते. त्याचा उजवा हात आपोआप बाजूला गेला आणि चिखलाचा गोळा चाचपू लागला. बोटांना सिमेंटचे तुकडे तेवढे लागले.

मंदाबाईनं ते पाहिलं. ती त्याच्याजवळ वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "राहू द्या. उघडीच राहू द्या."

"हो," यादोराव म्हणाला. "उघडीच ठेवाची आहे ना आता."

त्यानं हात धोतराला पुसला. मागं दंडारीच्या ढोलावर पहिली थाप पडली, तेव्हाही तो खांडीतून जाणारं शेवटचं पाणी बघत बसला होता.