शालू पिवळाच होता

माघ सरत आला होता. रंकाळ्याच्या पैलतीरावर सूर्य टेकला आणि अवघा जलाशय पीतवर्ण झाला. काठावरचे काळे दगड पिवळे, पाण्यात अर्धा बुडालेला संध्यामठ पिवळा, मठावर ओळीनं बसलेले बगळे पिवळे. हा उजेड मोठा मायावी. आला म्हणेपर्यंत जातो. कोल्हापूरकरांना ते ठाऊक आहे, म्हणून चहा अर्धा टाकून माणसं फिरायला बाहेर पडतात.

त्या मावळत्या सुवर्णात, त्या दगडी कठड्यावर, रोज सायंकाळी जुन्या चित्रपटांचा दरबार भरायचा. दरबार म्हणजे काय, तर चार म्हातारी माणसं आणि पुडीतले खारे दाणे. पण तोरा विचारू नका! नव्या सिनेमाचं नाव इथे काढायचं नाही. रंगीत सिनेमा म्हणजे बिघडलेला सिनेमा, असं निळकंठराव इंगवल्यांचं मत. आणि निळकंठराव पडले वकील, त्यांच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप? मंदाताई बागणीकरांची होती. त्यांनी जन्मभर गाणं शिकवलं, आणि कुठल्या गाण्यात सारंगीची तार उतरली होती तेही त्यांना पाठ होतं.

"लढाईतला काळा घोडा आणि लग्नातला पांढरा घोडा एकच होता," निळकंठराव म्हणायचे. "काजळी फासली होती त्याला."

"घोडा राहू द्या हो. राजाची डावी मिशी आरती संपेस्तोवर ओठाखाली आली होती, ते बघितलंत का?"

"मिशी खरी होती!"

"खरी असती तर शिंकताना राजानं ती हातानं धरली नसती."

असा तो मधुर कलह, असं ते कृष्णधवल स्वप्नांचं नित्य पारायण. आणि कुणाचं काही चुकलं, की बाकीचे एका सुरात ओरडायचे, "रीळ तुटलं!" पूर्वी थेटरात फीत तुटली, पडदा अंधारला, की पब्लिक जसं गलका करायचं, अगदी तसं. चुकलेल्यानं मुकाट उठायचं आणि सगळ्यांना भेळ आणायची. इथे वयाची गय नव्हती, आजाराची नव्हती, बाईमाणसाचीही नव्हती. मोतीबिंदूची पट्टी डोळ्यावर असताना निळकंठरावांनी चाचपडत जाऊन भेळ आणली होती.

उरलेली दोघं म्हणजे हिंदुराव घाटगे आणि त्यांची सत्यभामा. सगळे तिला भामाच म्हणत.

कठड्यापाशी पोचल्याबरोबर भामा आपला पांढरा रुमाल शेजारच्या दगडावर पसरायची. हिंदुराव दाणे घेऊन येईपर्यंत त्यांची जागा धरायची. थेटरातली सवय, लग्न झाल्यापासूनची. अख्खा कठडा मोकळा पडलेला असला तरी रुमाल पडायचाच.

"अगं, तुझ्या म्हाताऱ्याची जागा पळवतंय कोण?" मंदाताई चिडवायच्या.

"असू दे. धरलेली बरी," भामा म्हणायची.

या दरबाराचं आराध्यदैवत एकच, 'शेवंतीचा शालू' नावाचा बोलपट. त्याचा शेवट याच पायऱ्यांवर चित्रित झालेला. धूसर पहाट, निश्चल पाणी, आणि पायऱ्या उतरत जाणारी पाठमोरी शेवंती. शुभ्र शालू, गुडघ्यापर्यंत वेणी. ती वळत नाही, थांबत नाही, तिचं मुख दिसत नाही. थेटरातली माणसं त्या पाठीकडे बघत ढसाढसा रडायची.

ती पाठ भामाची होती.

नायिका त्या दिवशी तापानं फणफणली होती. शूटिंग बघायला गावातल्या बाया जमल्या होत्या, त्यांत परकर-पोलक्यातली भामा उभी. उंची तीच, बांधा तोच, वेणी तीच. झालं! पोरीला शालू नेसवला आणि पायऱ्या उतरवल्या. हिंदुरावांनी तो सिनेमा इतक्या वेळा पाहिला की दाराशी तिकिटं फाडणारा त्यांना नावानं हाक मारू लागला. पुढे मुलगी बघायला गेले, मुलीनं पोहे दिले, तरी गडी मान खाली घालून बसलेला. मुलगी वळून आत निघाली, आणि हे ताडकन उठले. "हीच!" म्हणाले. सगळं जग चेहरा बघून लग्न करतं, आमच्या हिंदुरावांनी पाठ बघून केलं.

आज त्या चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही. जुन्या फिती धुऊन त्यातली चांदी काढायची आणि उरल्या पट्ट्या बांगड्या करणाऱ्यांना द्यायच्या, असा तो काळ. शेवंतीचं दुःख कुणाकुणाच्या मनगटावर खुळखुळलं, कोण जाणे. जे काही शिल्लक होतं ते भामापाशी. आणि कुणी 'पांढरा शालू' म्हणायचा अवकाश, भामा उसळायची.

"पांढरा कुठला ओ! पिवळाजर्द होता. पांढऱ्यानं कॅमेऱ्याचे डोळे दिपतात, म्हणून हळदीच्या पाण्यातनं काढला होता. पडद्यावर दिसायचा पांढरा! माझ्या मानेचा, हातांचा पिवळा रंग किती दिवस उतरला नव्हता. आई कपाळाला हात लावून म्हणाली, नवरा मिळायच्या आधीच हळद लागली गं माझ्या पोरीला!"

सगळे हसायचे. शंभरदा ऐकलेलं, तरी हसायचे.

मग विस्मृती आली. पावलांचा आवाज न करता आली, दिवाळीच्या पणत्या विझता विझता आली, आणि घरात शिरून एकेक वस्तू उचलून नेऊ लागली. आधी आमटीतलं मीठ गेलं. मग दाराची कडी गेली, मग घराची गल्ली गेली, मग पुण्यातल्या लेकाचं नाव गेलं. डॉक्टरांनी मेंदूचं चित्र काढून समजावलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि हिंदुरावांच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर खांद्यावर हात ठेवतात तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारखं दुसरं काही नसतं.

पण शालू पिवळा होता! सगळं काळवंडलं, सगळं विरलं, तरी भामाच्या अंतरात तो हरिद्रारंजित शालू अजून झळकत होता. हिंदुरावांनी मनाशी गाठ मारली: शालू पिवळा आहे तोवर भामा आपली आहे. रोज ते डोळ्यानं खुणावायचे, निळकंठराव मुद्दाम 'पांढरा' म्हणायचे, भामा उसळायची, मंदाताई "रीळ तुटलं!" ओरडायच्या, आणि निळकंठराव जाणूनबुजून केलेल्या चुकीची भेळ आणायला हसत हसत उठायचे. त्या एका भांडणावर हिंदुरावांचा दुसरा दिवस निघायचा.

आजही उजेड पिवळा होता. आजही रुमाल पसरला होता, आजही दाणे आले होते. हिंदुरावांनी खुणावलं. निळकंठरावांनी घसा खाकरला.

"काही म्हणा, शेवंतीच्या त्या पांढऱ्याशुभ्र शालूला तोड नाही."

भामा पाण्याकडे बघत होती. बघत राहिली. हिंदुरावांच्या बोटांतला दाणा बोटांतच राहिला.

"हो ना," ती म्हणाली. "पांढरा शालू. काय दिसत होती ती बाई!"

"कोण बाई, भामा?" मंदाताईंनी विचारलं.

"तीच की. सिनेमातली. पाठमोरी चालली होती. तोंड काही दिसलं नाही बघा तिचं."

कुणी ओरडलं नाही.

वारा पडला होता. पाणी हलत नव्हतं. निळकंठराव, ज्यांनी भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडला, ते चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसला. मंदाताईंनी भामाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हो गं. पांढराच होता."

आयुष्यात कुणाची चूक न सोडलेली ही माणसं. आज त्यांनी सोडली. आणि त्या सोडण्यातून हिंदुरावांना जे कळायचं ते कळलं. हाडाची भांडखोर माणसं एकाएकी गोड बोलू लागली, की समजावं, आपल्या घरी काहीतरी घडून गेलंय.

"पांढरा न्हवता!" हिंदुराव कडाडले. "गप का बसलाय? ओरडा की! रीळ तुटलं म्हणा! ती काय परकी झाली काय, तिला सोडायला?"

"हिंदू, बस रे बाबा," निळकंठराव म्हणाले.

मग हिंदुराव एकटेच ओरडले. "रीळ तुटलं!" तीन कंठांनी ओरडायचं ते एका कंठानं ओरडले. आवाज पाण्यावरून गेला, मठावरचे बगळे फडफडून उठले आणि पुन्हा बसले. भामा दचकली. कुणीतरी रागावलंय एवढं तिला कळलं, आणि ती पदर सावरून जराशी सरकून बसली.

हिंदुराव तिच्यापुढे वाकले. तिचा हात हातात घेतला. तोच हात, सुरकुतलेला, शीतल. ज्याच्यावर एकदा लग्नाआधीची हळद चढली होती.

"भामा, आठव की गं. हळद. मान पिवळी झाली होती तुझी. आई काय म्हणाली होती?"

ती अदबीनं हसली. परक्या माणसाशी बोलताना बाई हसते तसं.

"आईला बरं नाही का?" तिनं विचारलं.

बांगड्या होऊन गेलेला सिनेमा आणून दाखवावा, तर कुठून? धुऊन गेलेली हळद पुन्हा लावावी, तर कशाला? हिंदुरावांनी तिचा हात जपून तिच्या मांडीवर ठेवला.

चूक भामाची होती, म्हणजे भेळ भामानं आणायची. तिला आता भेळेची गाडी कुठली सापडायला! हिंदुराव उठले. नियम म्हणजे नियम. आज तेवढा नियमच त्यांच्या हातात उरला होता. पाय ओढत ते गाडीपर्यंत गेले.

"आज हरलं कोण, काका?" भेळवाल्यानं चुरमुरे ढवळत विचारलं.

"मी," हिंदुराव म्हणाले.

"काकूंची बिनकांद्याचीच ना?"

"व्हय. तिला कांदा चालत न्हाई." एवढं बोलले आणि त्यांना हुंदका आवरेना. भेळवाला भला माणूस; त्यानं मान खाली घातली आणि मिरच्या चिरत राहिला.

ते परत आले तेव्हा सूर्य बुडाला होता. पाण्यावर एक पिवळी रेघ तेवढी थरथरत होती. भामाच्या शेजारच्या दगडावर रुमाल पुन्हा नीट पसरलेला होता, चारी टोकं ओढून, सुरकुती न ठेवता. हिंदुरावांचं काळीज लकाकलं. भामानं जागा धरली होती! नाव गेलं, गाव गेलं, शालू गेला, पण जागा धरली होती. ते घाईनं पुढे झाले आणि बसायला वाकले.

"पाव्हणं," भामा हळू आवाजात म्हणाली, "इथं नका बसू. जागा धरलीय. आमचे हे दाणे आणायला गेलेत, येतीलच आता."

निळकंठरावांनी तोंड फिरवलं. मंदाताईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. हिंदुराव वाकलेले होते तसेच, हळूहळू, सरळ झाले.

"बरं," ते म्हणाले. "मी उभा राहतो."

"राहा की," ती म्हणाली, आणि अंधारत्या पाण्याकडे, पडद्याकडे बघावं तसं बघत, त्यांना धीर दिला. "मघाशी कुणीतरी ओरडलं, रीळ तुटलंय म्हणून. जोडतील आता."

पाण्यावरची पिवळी रेघ मिटली. मग राखाडी आलं, मग तेही विझलं. दगड काळे झाले, मठ काळा झाला, पाणी काळं झालं. बगळे तेवढे पांढरे, रुमाल तेवढा पांढरा. आणि हातात बिनकांद्याची भेळ धरून, स्वतःच्याच जागेशेजारी, हिंदुराव उभे राहिले. उभेच राहिले.