सैल कोन

हैदराबादच्या हॉटेलाने आमचे टॉवेल परत पाठवले, तेव्हा माझ्या मुलाने, आशिषने, मागांची शेड गोदामाला देण्याचे बोलणे सुरू केले. गरम पाण्याच्या धुलाईत काठाचा पॉलिस्टर धागा आखडे, सुती अंग तसेच राही आणि काठाला चुण्या पडत. हॉटेलवाले आणखी एकच नमुना पाहणार होते. तोही परत आला असता, तर सासऱ्यांनी उभे केलेले माग भंगारात गेले असते.

माझी नात भार्गवी वस्त्र-अभियांत्रिकी शिकली आहे. तिने सांगितले, की हा धागा तयार करताना कित्येक पट ओढतात. त्या ओढीने आतले लांबलचक रेणू एका दिशेला सरळ होतात आणि धाग्याला बळ येते. पण ओढीचा ताण आतच राहतो आणि उष्णता लागताच धागा आखडतो. तेव्हा विणण्याआधीच वाफ देऊन त्याला आखडू द्यावे. आम्ही धाग्याच्या कोनांना, म्हणजे शंकूच्या आकाराच्या नळीवर गुंडाळून भरलेल्या धाग्याला, वाफ दिली. तरी घरीच उकळून पाहिल्यावर नव्या टॉवेलाचा काठ कुठे सपाट, कुठे चुणलेला निघाला.

भार्गवी धाग्याचा कोन बराच वेळ दाबून पाहत होती.

"आजी, हा दगडासारखा भरलाय. आतल्या धाग्याला आखडायला जागाच नाही. सैल भरायला हवा."

शेडमध्ये सगळे माझ्याकडे पाहू लागले. सैल कोन म्हणजे आळस, ही माझी शिकवण. अंगठ्याखाली दबणारा कोन मी भरणारीच्या पुढ्यात परत टाकते. आमच्या घट्ट कोनांचे पेठेत नाव आहे. मी कोन भरणाऱ्या गंगम्माला सैल भरण्यास सांगितले. ती जागची हलली नाही.

"परवा जरा सैल झाला तर तुमीच फेकला की, बाई."

"परवाचे परवा. आज मी सांगते म्हणून भर."

असा सैल भरून वाफवलेला धागा किंचित कमजोर होईल, पण तुटण्याआधी अधिक ताणला जाईल, असे भार्गवीने आधीच बजावले होते. मागावर तो टिकला. नवा टॉवेल मी आशिषसमोर पातेल्यात पुनःपुन्हा उकळला, वाळवला आणि टेबलावर पसरला. काठावरून तळहात फिरवला. कुठेही अडला नाही.

आशिषनेही हात फिरवून पाहिला. गोदामवाल्याला काय सांगायचे, असे त्याने हळूच विचारले.

"शेड रिकामी नाही, म्हणून सांग. आणि नमुना आजच पाठव. धुऊन पाहू देत त्यांना."