पिवळ्या रेषेच्या अलीकडे

बाबांच्या छातीत पेसमेकर बसवला आणि त्यांच्याच प्रयोगशाळेत त्यांना यंत्रातल्या मोठ्या चुंबकाजवळ जायला बंदी झाली. जमिनीवरच्या पिवळ्या रेषेपलीकडे पाऊल टाकायचं नाही! रेषेच्या अलीकडे राहून त्यांना काम जमतं का, हे साहेब आज बघणार होते. नोकरी त्यावरच टिकणार होती. शाळेला सुट्टी होती, म्हणून बाबांचे हात व्हायला मी गेले.

कच्च्या तेलात मेण असतं. ते गोठलं की पाइपलाइन तुंबते. पण तेल इतकं काळंकुट्ट, की मेण कधी गोठायला लागलं ते डोळ्यांना दिसत नाही. चुंबकाला कळतं, कारण त्याचं यंत्र फक्त पातळ भागाचा संकेत मोजतं. मी तेल तापवून सगळं मेण विरघळवलं, तेलाची नळी यंत्रात सोडली आणि तेल थंड होईल तसे आकडे ओरडून सांगू लागले.

"सामन्याचं समालोचन करतेयस का? हळू!" बाबा म्हणाले.

पडद्यावरची संकेताची रेघ चढत होती. मग एकदम घसरली.

"बाबा, पडली!"

"गोठायला लागलं. तापमान लिही."

साहेबांनी मान डोलावली. "काम चोख आहे. पण मदतीला आणखी माणूस मला मिळणार नाही. ही पोरगी रोज येणार का?"

"येईन की! त्यात काय!" मी ठसक्यात म्हणाले.

"नाही येणार," बाबा म्हणाले. "ती शाळेत जाईल."

"मग अवघड आहे हो," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

बाबांनी मला नळी धुवायला लावली. आत कुठे मेण चिकटून राहतं, तिथे ब्रश कसा फिरवायचा, हे ते रेषेच्या अलीकडून सांगत राहिले.