‘इतर’मध्ये कोण कोण

सरकारी कचेरीत शिरलं की डाव्या हाताला काचेचा एक फलक होता. सरकारने बाहेरच्या कोणत्या संस्थांना किती अनुदान दिलं आणि किती वर्गणी दिली, हे जनतेला कळावं म्हणून दरवर्षी त्यावर एक कागद लागायचा. नियमच होता तसा. आणि नियम पाळायचा म्हणजे कसा पाळायचा, हे कचेरीला चांगलं ठाऊक होतं. कागदावर दोनच ओळी असत. ‘अनुदान मिळालेल्या संस्थांची नावे : निरंक.’ त्याखाली बारीक अक्षरात, ‘इतर किरकोळ अनुदाने, एकूण’ आणि पुढे एक लठ्ठ आकडा. निरंक म्हणजे काहीच नाही, किरकोळ म्हणजे चिमूटभर. चिमूटभर-चिमूटभर मिळून एवढं पोतं कसं भरलं, असं कुणी विचारत नव्हतं. कचेरीत माणूस आपल्या कामाला येतो, भिंती वाचायला नाही.

मेकॅनिकबाईंचे दीर मात्र वाचायला गेले होते, चार वर्षांपूर्वी.

मेकॅनिकबाई म्हणजे गल्लीच्या टोकाच्या गाळ्यात चाकाच्या खुर्च्या, कुबड्या आणि वॉकर फुकट दुरुस्त करून देणाऱ्या बाई. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरी पाहुण्यासारखा. गाळ्यात जोडीला दीर. ते स्वतः चाकाच्या खुर्चीत बसलेले, आणि वाकडं फिरणारं चाक सरळ करावं तर त्यांनीच. अपघातानंतर सहा वर्षं हा माणूस घरातल्या खिडकीपाशी बसून रस्त्यावरच्या लोकांना नावं ठेवत होता. बाईंनी एक दिवस मोडकी खुर्ची आणून त्यांच्यासमोर आदळली. “भाऊजी, नुसती तोंडाची टकळी चालवण्यापेक्षा हात चालवा.” तिथून गाळा सुरू झाला. आता गाळा बंद पडला, तर भाऊजींना पुन्हा ती खिडकी. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघंही कधी बोलत नसत.

सरकार मदत करतं का बघावं म्हणून चार वर्षांपूर्वी भाऊजी त्या फलकासमोर जाऊन आले. परत येऊन म्हणाले, “निरंक. कुणालाच देत नाहीत.” विषय संपला. चार वर्षं दोघांनी पदरमोड केली आणि टायर नाहीत म्हणून कितीतरी माणसांना हात जोडून परत पाठवलं. यंदा गाळामालकाने भाडं वाढवल्यावर बाई चिडून थेट कचेरीत गेल्या आणि तिथल्या शिपायाने सहज सांगितलं, “अहो, देतात की! सगळे घेतात. अर्ज करा.”

अर्ज केला. समिती गाळा बघून गेली, अनुदान मंजूर झालं. आता फक्त साहेबांची सही राहिली होती.

साहेबांनी कागद पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला. “बाई, अर्ज एकच आणलात. दोन करा.”

“का? एक हरवतो म्हणून?”

“तसं नव्हे. अर्धी रक्कम आत्ता, अर्धी पुढच्या महिन्यात. ठरावीक रकमेच्या वर गेलं की संस्थेचं नाव फलकावर लावावं लागतं. आत राहिलं की ‘इतर’मध्ये बसतं. सगळे तसंच करतात.”

बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. निरंकचं निरंक कसं होतं ते कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

“माझं नाव भिंतीवर आलं तर मला काय धाड भरलीय? मी चोरी केलीय?”

“अहो, तुमचं एकटीचं येईल!” साहेब कळवळून म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्ती जवळ आली होती. “लोक म्हणतील, सगळा पैसा हीच बाई खाते. तुमच्याच भल्याचं सांगतोय.”

“माझं भलं मी बघते. तुम्ही नाव लिहा.”

“बरं, बघू. उद्या या.”

मंजूर झालेल्या कामाला साहेबांना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. पण ‘उद्या या’ हा शब्द हाताशी असताना ‘नाही’ची गरज कुणाला? वर्ष सरत आलं होतं. वर्ष संपलं की मंजुरीही संपणार होती.

गाळ्यात भाऊजींनी पाना खाली टाकला. “वहिनी, दोन ठिकाणी सह्या करायच्या त्या काय जड आहेत का? तुमच्या ताठ्यापायी गाळा जाईल. तुम्हाला काय, तुम्ही दुसरीकडे काम कराल. मी कुठे जाऊ?”

बाईंना ते लागलं. चार वर्षांत भाऊजी असं कधी बोलले नव्हते. क्षणभर वाटलं, जाऊ दे, करून टाकावं. पण जीभ ऐकेना.

“भाऊजी, तो कागद वाचून तुम्ही परत आलात तेव्हा काय म्हणालात?”

भाऊजींनी खुर्ची दाराकडे वळवली.

“कुणालाच देत नाहीत, म्हणालात. तुम्ही खोटं नाही बोललात, कागद खोटं बोलला. आता आपणही त्याच खोट्यात जाऊन बसायचं? उद्या तुमच्यासारखंच कुणीतरी येईल, निरंक वाचेल आणि घरी जाऊन खिडकीत बसेल.”

भाऊजींनी पाना उचलला, पुसला आणि पेटीत ठेवला. पाठोपाठ पक्कड, हवेचा पंप, तेलाची बाटली. पेटी मांडीवर घेऊन म्हणाले, “चला. साहेब उद्या या म्हणालेत ना? मग रोजच जाऊ. कामधंदा तिथेच करू.”

दुसऱ्या दिवसापासून गाळ्याच्या शटरवर पाटी लागली, ‘दुरुस्ती सरकारी कचेरीत, फलकाखाली’. कचेरीच्या दालनात खुर्च्या उलट्या पडल्या, चाकं फिरू लागली, वंगणाचा वास थेट साहेबांच्या टेबलापर्यंत गेला.

“ही कचेरी आहे, गॅरेज नाही!” साहेब बाहेर येऊन ओरडले.

“तुम्हीच बोलावलंत,” बाई चाकावरून नजर न काढता म्हणाल्या. “आल्यावर हातावर हात धरून बसायची आम्हाला सवय नाही.”

दाखले काढायला आलेली माणसं थांबून विचारत, इथे का बसलात? बाई सगळ्यांना सांगत, आणि बाईंचा आवाज काही नाजूक नव्हता. ऐकलेला माणूस मान वर करून फलक वाचायचा. रोज वाचणारे वाढत गेले, आणि साहेबांना दिसलं की ही बया सहीशिवाय हलायची नाही. त्यांनी एका झटक्यात सही केली.

कागद लागला. निरंकच्या जागी पहिल्यांदा एक नाव आलं, बाईंच्या गाळ्याचं, पुढे पूर्ण रक्कम. आणि साहेब म्हणाले होते तसंच झालं. लोकांनी पहिली ओळ वाचली आणि तिथेच थांबले. पेपरात मथळा आला, ‘एकाच संस्थेवर खैरात’. किराणावाला म्हणाला, “काय सरकारी जावई, आता उधारी कशाला?” शेजारीण बोलायची बंद झाली. एका रात्री कुणीतरी शटरवर कोळशाने ‘खा खा’ लिहून गेलं. बाईंनी ते पुसलं नाही. पण घरी भांडी घासताना त्यांचे डोळे भरून आले. ज्यांच्या आईबापांच्या खुर्च्या आपण दुरुस्त केल्या, त्यांनीच असं लिहावं?

कागद लागल्यावर वर्षातून एकदा कचेरीत खुली सभा असे. एरवी साहेब, शिपाई आणि पंखा एवढेच हजर. यंदा फलकासमोरचं दालन गच्च भरलं होतं. सगळ्यात पुढे व्यायाम मंडळाचे अध्यक्ष, आवाज खणखणीत आणि मनगटं जाडजूड.

“जनतेचा पैसा आहे हा!” ते गरजले. “एका बाईच्या घशात घालता? हिशेब झालाच पाहिजे!”

टाळ्या पडल्या. बाई उठल्या.

“झालाच पाहिजे,” त्या म्हणाल्या. “माझा भिंतीवर लावलाय. नाव आहे, आकडा आहे, कशासाठी घेतले तेही आहे. आता कृपा करून सगळ्यांनी त्या कागदावरची दुसरी ओळ वाचा. मला मिळाले त्याच्या कितीतरी पट तिथे आहेत. ते कुणी खाल्ले? अध्यक्षसाहेब, तुमच्या मंडळाच्या हॉलवर नवं छप्पर आलं. पैसे कुठून आले?”

अध्यक्ष चाचरले. “ते... ते किरकोळ होतं.”

“छप्पर किरकोळ?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळं दालन हसलं. हसू थांबायच्या आत अध्यक्षांना एक महत्त्वाचं काम आठवलं आणि ते दाराकडे निघाले. दारात भाऊजींची खुर्ची आडवी लागली होती.

“बसा हो जरा,” भाऊजी गोड आवाजात म्हणाले. “घाई कसली? आम्ही महिनाभर इथेच होतो.”

तेवढ्यात वाचनालयाच्या बाई उभ्या राहिल्या. तोंड गोरंमोरं झालं होतं. “आम्हीपण घेतलंय. तीन तुकड्यांत. पुस्तकंच आणली, पै खाल्ली नाही. पण लपवलं. आमचं नाव लिहा.” मग गायनशाळेचे मास्तर उठले. मग अनाथ मुलांचं वसतिगृह चालवणारे काका. एकेकाचं धाडस होत गेलं. वाचनालयाच्या बाईंनी तर फलकाची काच सरकवून कागदावरच पेन टेकवलं.

“अहो, अहो! सरकारी कागद आहे तो! त्यावर कुणीही लिहायचं नाही!” साहेब धावले.

“मग तुम्ही लिहा,” मेकॅनिकबाई म्हणाल्या. “आम्ही सांगतो.”

साहेबांनी एकवार अध्यक्षांकडे पाहिलं, एकवार गर्दीकडे. मग खुर्ची ओढून फलकाखाली बसले, कोरा कागद घेतला आणि विचारलं, “आधी कोण?”

“छप्पर!” सगळे एका सुरात ओरडले.

घरी परतताना उतारावर बाईंनी भाऊजींची खुर्ची मागून धरून ठेवली होती. एरवी भाऊजींना ते चालायचं नाही. आज त्यांनी हात झटकला नाही.

“वहिनी, पुढच्या वर्षी हे लोक आपल्याला एक दमडी द्यायचे नाहीत.”

“माहीत आहे.” बाईंनी खुर्ची एका खड्ड्याच्या कडेने काढली. “भीती वाटते का, भाऊजी?”

“वाटते ना. पण आपल्याला नाही मिळाले, तर कुणाला मिळाले, ते आता मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार आहे. आणि मोठ्याने वाचणार आहे.”