अकरा नंबरची बस

ते साल एकोणीसशे त्र्याऐंशी. त्या वर्षी कंपनीने पंख्यांची चार छोटी विमानं घेतली आणि डोंगरांमधल्या तळ्याकाठच्या गावी आपला नवा तळ उघडला. तळ्याकाठी तळ, यावर पहिले आठ दिवस सगळ्यांनी विनोद करून घेतले. नंतर परिपत्रक आलं आणि एकीचं हसू थांबलं.

ती होती पाच नंबर. तिला दुसरं नाव होतं, पण कामावर ते कुणी घेत नसे. हवाईसुंदऱ्यांच्या खोलीत आरशाशेजारी एक यादी टाचलेली असायची. नोकरीला लागल्याच्या तारखेप्रमाणे एकीखाली एक नावं. वरची कुणी निवृत्त झाली, कुणी संसारात रमून नोकरी सोडली, की खालच्या सगळ्या एकेक पायरी वर. जिचा जो नंबर, तेच तिचं नाव. महिन्याच्या वीस तारखेला पुढच्या महिन्याच्या उड्डाणांचा तक्ता यायचा. आधी एक नंबरने पेन्सिल हातात घ्यायची, हवी ती उड्डाणं आणि हव्या त्या सुट्ट्या निवडायच्या, मग दोन नंबरने, मग तीन. तक्ता शंभराच्या पुढे जाईपर्यंत त्यात उरायचे ते फक्त रविवार, सणवार आणि पहाटेची विमानं.

ती लागली तेव्हा एकशे अठरावी होती. पाचापर्यंत यायला तिला सोळा वर्षं लागली. आता रविवार तिचे होते, उन्हाळ्याची रजा तिची होती, आणि दोघीजणी निवृत्त झाल्या की लांबच्या उड्डाणांची मुख्य म्हणून कोटावर सोनेरी पट्टी लागणार होती.

फक्त एक गोम होती. तिचं घर होतं त्याच तळ्याकाठच्या गावात, शहरातल्या तळापासून विमानाने तासभर लांब.

पंधरा वर्षांपूर्वी धुक्यामुळे तिचं विमान त्या गावी दोन दिवस अडकून पडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तळ्यावरचा वारा सुटला, धुकं चादर झटकावी तसं उडालं, आणि समोर निळंशार पाणी, लाकडी धक्का, धक्क्यावर उलट्या घातलेल्या होड्या. ती तिथेच गुंतली. त्यातल्या एका होडीखालून रोगणाने माखलेला एक माणूस बाहेर आला, त्याच्याशी पुढे वर्षभराने लग्न झालं. पण आधी जीव जडला तो गावावर, मग माणसावर. हा क्रम तिने नवऱ्यापासून कधी लपवला नाही. तोही आल्यागेल्याला सांगायचा, "सीनियॉरिटीने गाव पहिलं. मी या घरात दोन नंबरला."

तर ते परिपत्रक. तळ्याकाठच्या तळावर दहा मुली नव्याने भरल्या होत्या, सगळ्या कोवळ्या. त्यांच्या जोडीला एक अनुभवी बाई हवी होती. मात्र नवा तळ म्हणजे नवी यादी, आणि जी आज जाईल तिचं नाव सगळ्यांच्या खाली. मागची सोळा वर्षं पगाराला धरायची, यादीला नाही. परत यायचं म्हटलं तरी इथेही शेवटचाच नंबर. अर्ज सोमवारी दुपारी बारापर्यंत.

"म्हणजे अकरावी!" सात नंबर लिपस्टिक लावता लावता आरशातून म्हणाली. "कोण वेडी जाणार?"

पाच नंबर परिपत्रक दुसऱ्यांदा वाचत होती. सात नंबरच्या ते नजरेतून सुटलं नाही. ती वळली.

"अगं बाई! खरंच विचार करतेयस की काय? ऐका गं सगळ्याजणी, आपली पाच नंबर आता अकरा नंबरची बस होणार! जा बाई पायपीट करत!"

खोली हसली. पाच नंबरही हसली, पण शब्द कुसळासारखा रुतून बसला.

त्या आठवड्यात घरी गेल्यावर तिने विषय काढला. सासूबाई खिडकीशी नातीचा स्वेटर विणत होत्या.

"आई, मला अकरावं व्हावं लागेल."

"आता कितवी आहेस?"

"पाचवी."

"पाचवी म्हणजे चांगली की वाईट?"

"चांगली, आई. सोळा वर्षं गेली त्यात."

"मग एवढी चांगली आहेस तर मागच्या रविवारी घरी का नव्हतीस?"

"सुट्टी होती, पण विमानात जागा मिळाली नाही."

"म्हणजे सुट्टी तुझी आणि जागा दुसऱ्याची." सासूबाईंनी सुया थांबवल्या. "मला तुमच्या यादीतलं काही कळत नाही बाई. मला आपलं एवढं कळतं, की तुझी गादी मी दर आठवड्याला उन्हात घालते आणि तशीच गुंडाळून ठेवते."

नवरा खाली शेडमध्ये होडीच्या बुडाला डांबर लावत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "तू ठरव."

"तुला काय वाटतं ते सांग ना."

"मला वाटतं ते सांगितलं तर तू माझ्यासाठी आलीस असं होईल. पुढे कधी मुख्य म्हणून दुसरीच्या कोटावर पट्टी दिसली, की मला ते ऐकावं लागेल. जन्मभर. नको रे बाबा."

"मी अशी आहे?"

"आहेस," तो ब्रश न थांबवता म्हणाला. तिला राग आला, कारण ते खरं होतं.

शनिवारी दुपारची फेरी संपवून ती परतली, तर एक नंबरने बोलावणं पाठवलं. एक नंबर म्हणजे मोठं प्रस्थ. नऊ वर्षं यादीच्या डोक्यावर बसलेली. केसांचा अंबाडा असा, की विमान उलटं झालं तरी एक केस हलायचा नाही. तिला सगळ्या 'बाई' म्हणत.

"बस," बाई म्हणाल्या. "मी ऐकलंय. आता माझं ऐक. मी या कंपनीत सव्वीस वर्षं आहे. या काळात तीन साहेब बदलले, दोनदा गणवेश बदलला, माझं घर बदललं, नवरा तर निघूनच गेला. दगा दिला नाही तो फक्त नंबराने, तो वरच सरकला. नंबर म्हणजे आपलं माहेर गं. कुणी कितीही टाकून बोललं, तरी तिथे पाठ टेकता येते. आणि तू ते माहेर स्वतःच्या हाताने मोडून देणार?"

"मोडून नाही बाई. सोडून."

"शब्दांचे खेळ नकोत. काल शिकवलेल्या पोरी तुझ्याआधी पेन्सिल उचलतील. ती चिमणी, जिला तू प्रशिक्षणात दोनदा नापास केलंस, ती आता तिथे दहा नंबर आहे. सणाची सुट्टी ती आधी मागेल आणि तू बघत बसशील. चालेल?"

पाच नंबरने पर्समधला कोरा अर्ज बोटांनी चाचपला.

"सोमवारपर्यंत वेळ आहे," बाई म्हणाल्या. "रविवारी घरी जा, झोप काढ, डोकं थंड कर. अर्ज फाडून टाक."

रविवारी ती घरी जाऊ शकली नाही. म्हणजे निघाली होती. सोळा वर्षांनी हाती आलेला तिचा हक्काचा रविवार, मुलीसाठी रंगांची पेटी घेतलेली, आणि कंपनीच्या माणसांनी बसायचं ते विमान सुटायच्या वेळी उरेल त्या रिकाम्या सीटवर. दहाचं विमान भरलं. बाराचं भरलं. काउंटरवरचा मुलगा ओशाळून म्हणाला, "मॅडम, तीनच्याला बघू या." तिचा पाच नंबर त्या काउंटरवर कुणी विचारत नव्हतं. तिथे ती नुसती एक बाई होती, सुटकेसवर बसलेली.

तीनच्या विमानाला दहाजणांची सहल आली आणि तेही भरलं. काचेतून तिला विमानाची शिडी दिसत होती. मागच्या दारात चिमणी उभी. हिला पाहून चिमणीने काचेकडे हात हलवला, मग दार ओढून घेतलं. तासाभरात चिमणी तळ्याकाठी पोचणार होती. तिथे आत्ता वारा सुटला असेल. दहा नंबर तो अंगावर घेणार होती आणि पाच नंबर सुटकेसवर बसून राहणार होती.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेवटच्या नंबरच्या वाट्याला काय येतं? राखीव दिवस. कुणी आजारी पडली तर तासाभरात गणवेश घालून हजर व्हायचं, नाहीतर दिवसभर घरी टेलिफोनजवळ बसायचं. या शहरात तिने तसे दिवस वसतिगृहाच्या खोलीत भिंतीकडे बघत काढले होते. सगळ्याजणी त्याला शिक्षा म्हणायच्या. पण जिचं घरच तिथे आहे, तिला घरी बसायची कसली आलीय शिक्षा!

तिने पर्समधून अर्ज काढला, सुटकेस आडवी केली आणि लिहायला बसली. नाव, वय, अनुभव. सध्याचा क्रमांक: पाच. स्वीकारत असलेला क्रमांक: अकरा. शेवटचा रकाना होता, 'निवासापासून विमानतळापर्यंत येण्याचे वाहन'. घर ते विमानतळ, तळ्याच्या कडेने चालत वीस मिनिटं. तिला सात नंबर आठवली, हसू आलं, आणि तिने झोकात लिहिलं: 'अकरा नंबरची बस'.

सोमवारी सकाळी अर्ज पेटीत टाकला. गुरुवारी परत आला.

मुख्य कचेरीतल्या कारकुनाने लाल शाईत शेरा मारला होता: 'चौकशी करता सदर गावात अकरा क्रमांकाची बस धावत नाही असे समजते. खुलासा करावा. खुलाशावर यादीतील सर्वांत ज्येष्ठ सदस्याची सही आवश्यक. अन्यथा अर्ज बाद.' मुदत शुक्रवार.

म्हणजे सही बाईंची. ती अर्ज घेऊन गेली तेव्हा तोंड कडू झालं होतं. एका थट्टेपायी सगळं हातचं जाणार, आणि तेही अर्ज फाड म्हणणाऱ्या बाईंच्या हातून.

बाईंनी चष्मा लावून शेरा वाचला. मग परत वाचला.

"हा माणूस आयुष्यात कधी चाललाय की नाही?" त्या म्हणाल्या. "तू मुद्दाम लिहिलंस हे?"

"हो बाई. चूक झाली."

"चूक कसली? खरंच चालत जाणार ना?"

"वीस मिनिटं. तळ्याच्या कडेने."

बाईंनी मान वळवून बाहेर पाहिलं. खिडकीबाहेर विमानतळाची भिंत होती, आणखी काही नव्हतं.

"मी गेली नऊ वर्षं टॅक्सीने येते," त्या म्हणाल्या. "वाटेत काय काय लागतं, विचारशील तर सांगता यायचं नाही." मग त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि एकटाकी लिहिलं: 'अकरा नंबरची बस म्हणजे अर्जदाराचे दोन पाय. दोन्ही सुस्थितीत आहेत, हे मी सोळा वर्षे पाहत आहे. अर्ज मंजूर करावा.' खाली लफ्फेदार सही.

"बाई, तुम्ही तर म्हणत होता..."

"अजूनही म्हणते. तू मूर्ख आहेस. पण तो कारकून तुझ्याहून मूर्ख आहे, आणि त्याच्या शेऱ्याने तुझा निर्णय होणं मला चालायचं नाही. पळ आता."

पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला तळ्याकाठच्या छोट्या खोलीत तक्ता आला. चिमणीची पाळी आली तशी तिने पेन्सिल पुढे धरली.

"ताई, आधी तुम्ही घ्या ना. मला कसंतरी वाटतं."

"कितवा नंबर तुझा?"

"दहा."

"माझा?"

"अकरा."

"मग घे मुकाट्याने. नंबराचा मान नंबराला. आणि माझ्यावर दया केलीस तर तिसऱ्यांदा नापास करीन."

चिमणीने मान खाली घालून नेमकी हिच्या मुलीच्या वाढदिवसाचीच सुट्टी उचलली. तिला बिचारीला ठाऊक नव्हतं. अकरा नंबरने ओठ घट्ट मिटले आणि उरलेला तक्ता जवळ ओढला. वाढदिवसाच्या दिवशी राखीव. एवढं सोसायचं हे ती लिहून देऊन आली होती.

त्या दिवशी ती गणवेशाचा स्कर्ट घालून, अनवाणी, मुलीबरोबर धक्क्यावर पाण्यात पाय सोडून बसली. टेलिफोन शेडमध्ये होता. तो वाजलाच तर नवऱ्याने रिकाम्या पिंपावर हातोडीने दोन टोले द्यायचे असं ठरलं होतं. तीनला वारा सुटला. पिंप काही वाजलं नाही.

पुढच्या महिन्यात मात्र ते सहादा वाजलं, आणि सहाही वेळा ती तासाच्या आत विमानाच्या दारात हजर होती.

सात नंबर यथावकाश मुख्य झाली आणि सोनेरी पट्टी लावून जग हिंडली. वर्षाला एक रंगीत कार्ड पाठवायची, पत्त्यावर नेमाने 'अकरा नंबरची बस' असं लिहून, आणि पोस्टमन ते बरोबर आणून द्यायचा. चिमणी पुढे दुसऱ्या कंपनीत गेली आणि हवाईसुंदऱ्या घडवण्याच्या शाळेची प्रमुख झाली. तिथे ती पोरींना दोनदा नापास करते म्हणतात. कारकून बढतीने साहेब झाला. सासूबाई नव्वदाव्या वर्षापर्यंत होत्या. सून कायमची घरी आली त्या सालापासून तिची गादी त्यांनी परत कधीच गुंडाळली नाही.

बाई निवृत्त झाल्यावर आठ दिवस म्हणून तळ्याकाठी आल्या. धक्क्यामागची एक खोली त्यांनी भाड्याने घेतली आणि आठ दिवसांची अकरा वर्षं केली. रोज सकाळी काठी टेकत तळ्याच्या कडेने विमानतळापर्यंत चालत जायच्या आणि परत यायच्या. वाटेत काय काय लागतं ते विचारलं, तर सगळं क्रमाने सांगायच्या.

आणि ती? चार वर्षं अकराची दहा झाली नाही. नोकरी सुटली तेव्हा सातवी होती. मुख्याची पट्टी कोटावर कधीच चढली नाही. नवऱ्याला तिने त्यावरून एकदाही ऐकवलं नाही. तो मात्र गावभर तक्रार करत हिंडायचा की घरात अजून आपला नंबर दोनच आहे, वर सरकायचं नाव नाही.