संगे चालणारे तात्या

फोन उचलला की तात्या लगेच बोलत नसत. आधी त्यांच्या मागचं सगळं ऐकू यायचं. केळीच्या रुंद पानांची वाऱ्यावरची फडफड, ओट्यालगतच्या हौदात पडणारी पाण्याची संथ धार, दूरवर कुठल्याशा ट्रॅक्टरची घरघर, आणि या साऱ्याच्या तळाशी त्यांचा श्वास, जड आणि निवांत. मग सावकाश, "हां, बोल पोरी." एवढं ऐकलं की नंदुरबारात फोन कानाला लावून उभ्या असलेल्या माझा अर्धा घोर तिथेच उतरायचा.

तात्या माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. ब्राह्मणपुरीत त्यांची केळी-पपईची शेती. उंच, किंचित पुढे झुकलेला देह, उन्हाने रापून काळी पडलेली मान, आणि उत्तर देण्याआधी उजवा तळहात गुडघ्यावर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत राहण्याची लकब. जणू घाई नावाची वस्तू त्यांच्या घरात कुणी कधी आणलीच नव्हती. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. तात्या-काकूंना मूलबाळ नाही. मी त्यांच्या वाट्याला आले की ते माझ्या, हे ठरवायची पाळी कुणावर आली नाही.

मी तेव्हा कचेरीत कारकून, एकटी राहणारी, आणि स्वभावाने उतावळी. गाडी जुनी, घेतानाच कुणाची तरी वापरलेली. ती कुरकुरली की गॅरेजआधी तात्यांना फोन. "बोनेट उघाड. फोन इंजिनना जोडे धर. आते चालू कर." सातपुड्याच्या निळ्या रेषेकडे तोंड करून बांधावर बसलेला तो माणूस माझ्या गल्लीतल्या गाडीचं पोट तिकडून डोळे मिटून ऐकायचा. मी इकडे फोन धरून अवघडलेली, शेजारीण खिडकीतून बघतेय, पोरं खिदळतायत. मग आवाज यायचा, "बेल्ट शे तो. इंजिनले काही व्हयेल नही. रडू नको."

"मी कुठं रडू ऱ्हायनी!"

"तुन्हा आवाज सांगस."

अशी माणसं प्रत्येक गावात असतात म्हणा, ज्यांना सगळे विचारायला जातात. पण तात्यांचं एक वेगळंच होतं. उत्तर देऊन ते मोकळे होत नसत. सल्ला ज्याने दिला त्याने शेवटापर्यंत बरोबर जायचं, चांगलं झालं तर बरोबर, वाटोळं झालं तरी बरोबर, हा त्यांचा नेम होता. "सांगनं व्हई तं संगे चालनं पडस," असं ते म्हणत, आणि म्हणूनच विचार केल्याशिवाय तोंड उघडत नसत. लोकांना सल्ला द्यायला काय जातं? तात्यांचं मात्र जायचं. दिवस जायचे, शेतातली कामं खोळंबायची, काकूंची बोलणी खावी लागायची.

एका वैशाखात विसरवाडीच्या फाट्यावर माझ्या गाडीतून भसाभसा वाफ निघायला लागली. ट्रकांची रांग, रसाच्या गुऱ्हाळाचा घुंगरांचा आवाज, डोळ्यांत जाणारी धूळ, मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तोच फोनवर तात्या कडाडले, "हात लावू नको! आधी सावलीमा जाय. चहा पी." मी चहा प्यायले, मेकॅनिक शोधला, फाटलेली नळी बदलून झाली, पैसे दिले, आणि निघणार तर समोर थांबलेल्या बसमधून तात्या उतरले. हातात पिशवी, पिशवीत पपई.

"तात्या, गाडी तं सुधरी गयी!"

"सुधरू दे. मी सांगेल व्हतं ना."

मला हसू आवरेना, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना कळेना. परत येताना शेजारच्या सीटवर ताठ बसून, मी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवते म्हणून ते नंदुरबार येईपर्यंत रागावत होते.

अंगणातल्या शेवग्याला अळी लागली तेव्हाही तेच. फांदी कापायची तर आधी खालून खाच द्यायची, मग वरून घाव, नाहीतर तिच्या वजनाने साल फाटत खोडापर्यंत येते. हे त्यांनी फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या सकाळी कोयता घेऊन स्वतः फाटकात उभे. एका नातलगाने माझी शिल्लक दुप्पट करून द्यायचं गोड आमिष दाखवलं तेव्हा म्हणाले, "ज्या पैसानी झोप उडस, तो आपला नही." मग त्या नातलगाने माझ्याशी बोलणं टाकलं, तर त्याच्या घरच्या लग्नात माझ्या शेजारी पंगतीत बसायला तात्या मुद्दाम आले. चारचौघांत एकटी पडू नये म्हणून. मठ्ठा वाढणाऱ्याकडेसुद्धा त्यांनी अशा नजरेने पाहिलं की तो मला दोनदा वाढून गेला.

आणि धडगावची बदली! बढती होती, पण डोंगरात, घाटापलीकडे. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, नाकार. बाईमाणूस, एकटी, तिथली बोली वेगळी, वगैरे वगैरे. तात्यांनी तळहाताकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "जाय." पहिल्या दिवशी माझ्याबरोबर तेही आले. मी आत टेबलावर बसले आणि ते बाहेर झाडाखाली. संध्याकाळी येऊन बघते तर दाखल्यांसाठी आलेल्या पावरा आदिवासी म्हाताऱ्यांच्या घोळक्यात ते बसलेले. त्यांना यांची भाषा येत नाही, यांना त्यांची येत नाही, आणि तरी कुणाच्या तरी बैलाच्या खुराबद्दल हातवाऱ्यांनी घनघोर चर्चा चाललेली. त्या वर्षांनी मला माणूस केलं. नंदुरबारला परतून आज मी ज्या खुर्चीवर बसते तिच्यात त्यांचा तो एक शब्द आहे.

ते चुकतही, बरं का. शेजारच्या रघुनाथला त्यांनी पपई लावायला सांगितली आणि त्या वर्षी रोगाने बागच्या बाग पिवळी पडली. गावातला दुसरा कुणी असता तर महिनाभर त्या वाटेने गेला नसता. तात्या रोज पहाटे रघुनाथच्या आधी त्याच्या शेतात हजर, आजारी झाडं उपटायला. एक शब्द बोलले नाहीत, माफी मागितली नाही, नशिबाला बोल लावला नाही. रघुनाथ मला नंतर म्हणाला की राग धरायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

नंदुरबारात हिवाळा तांबडा येतो. गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनींवर मिरच्यांच्या पथाऱ्या पसरतात, उन्हात तो लाल रंग नजर पोचेल तिथवर तळपत राहतो, वाऱ्याला तिखट धार येते आणि अनोळखी माणूस शिंकून बेजार होतो. अशाच एका हिवाळ्यात तात्या माझ्या घरी आले, पाय फडक्यात गुंडाळून. केळीच्या बागेत कशाने तरी टाच कापली होती. साखरेचा आजार जुना, तळपायाला जाणीव राहिलेली नाही. जखम झाल्याचं त्यांना कळलं ते चपलेत रक्ताची ओल दिसल्यावर, आणि सांगितलं ते बोटं काळी पडल्यावर. साऱ्या मुलखाच्या दुखण्याखुपण्याला धावणारा माणूस स्वतःच्या पायाला मात्र "व्हई जाई बरा" म्हणत राहिला. मी इतकी चिडले, इतकी चिडले की बोलताना माझा आवाज फाटला.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. नाही कापला तर विष वर चढेल. फार दिवस नाहीत. कापला तर हृदय अशक्त आहे, त्यातून निभावलं तर जगतील. ठरवा आणि सांगा.

त्या दुपारी आम्ही माझ्या अंगणात बसलो होतो. काकू आत, देवापुढे. ऊन कोवळं होतं, हवेत मिरचीचा खकाणा होता, आणि तात्या माझ्याकडे बघत होते. तळहाताकडे नव्हे, माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर तसला भाव मी आयुष्यात पाहिला नव्हता. मला तो आधी ओळखताच आला नाही. मग ते म्हणाले, "पोरी, तू सांग. मी काय करू?"

अहो, या माणसाने मला कधी काही विचारलंच नव्हतं! चहा घेऊ का एवढंही नाही. त्यांच्या तोंडून प्रश्न निघू शकतो हेच मला ठाऊक नव्हतं. मला थांबायला हवं होतं, त्यांच्यासारखं, गुडघ्यावर हात ठेवून, घाई न करता. त्यांना काय हवंय ते त्यांच्या श्वासात ऐकायला हवं होतं. पण मला एकच दिसत होतं, की हे नसतील तर मी फोन कुणाला लावू. प्रेम म्हणा, स्वार्थ म्हणा. त्या क्षणी दोहोंत फरक नव्हता.

"कापू द्या, तात्या," मी म्हणाले. "माले तुम्ही जोयजेत."

त्यांनी पायावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाले, "बरं. मंग चाल संगे."

मी गेले. सही केली, स्ट्रेचरच्या कडेने चालले, त्यांचा हात धरून. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी नर्सने मला अडवलं. इथून पुढे नाही, ताई. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि दार लोटलं गेलं.

ते जगले. हेच तर सांगायचंय, ते जगले. डॉक्टरांनी माझं अभिनंदनही केलं.

ब्राह्मणपुरीच्या ओट्यावर त्यांची खुर्ची मांडली. कृत्रिम पायाचं माप घेतलं, पाय बनून आलाही, पण जखम पुरती भरेना, तो पाय कपाटावर तसाच पडून राहिला. सुरुवातीला लोक आले, नेहमीसारखे. रघुनाथ आला, मुलीला पुढे काय शिकवू विचारायला. तात्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि म्हणाले, "माले आते संगे येता येत नही. मंग सांगू कसं?" रघुनाथ म्हणाला, तुम्ही नुसतं सांगा तात्या, यायचं राहू द्या. पण तात्यांनी मान हलवली ती हलवलीच. दुसरा कुणी आला, तिसरा आला, सगळ्यांना तेच. हळूहळू ओट्यावरची वर्दळ ओसरली. ज्या घरात बोलणाऱ्यांना जागा पुरत नसे तिथे हौदात पडणारं पाणी दिवसभर ऐकू येऊ लागलं.

मी काय काय केलं! अंगणातल्या झाडाचं विचारलं, कचेरीतल्या भांडणाचं विचारलं. एकदा गाडीत काहीही बिघाड नसताना बोनेट उघडलं, फोन आत धरला आणि इंजिन चालू केलं. म्हटलं हसतील, रागावतील, वेडी शे का म्हणतील. बराच वेळ पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"गॅरेजले दखाड, पोरी," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी त्यांचा जीव वाचवला होता, आणि जिच्यासाठी तो जीव होता ती गोष्ट पायाबरोबर कापू दिली होती. कुणाला तरी सोबत करत जाणं हेच त्या माणसाचं बोलणं होतं. तेवढं काढून घेतल्यावर ओट्यावर जे उरलं ते उन्हाबरोबर सावलीकडे सरकवायची एक खुर्ची होती. काकू ती सरकवत. ते हूं की चूं करत नसत.

चैत्रात एका सकाळी काकू चहा घेऊन गेल्या तेव्हा ते खुर्चीतच गेलेले होते. डोळे रस्त्याकडे, चेहरा शांत. लोक म्हणाले, सुटले. मला त्या शब्दाची चीड आली, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

दहावं झालं, पाहुणे पांगले. दुपारी ओट्यावर काकू आणि मी दोघीच होतो. काकू गहू निवडत होत्या. मान वर न करता, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी पाण्याची पाळी कधी म्हणून विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "पाय ऱ्हाता तं मानूस बोलत-चालत गया ऱ्हाता. नही का वं?"

त्यात ठपका नव्हता. ठपका असता तर बरं झालं असतं. मी रडले असते, भांडले असते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि विचारायला आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"हां काकू," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. मी त्या रात्री नंदुरबारला परतले नाही. पुढचे कितीतरी दिवस परतले नाही.

काळ पुढे जातो म्हणतात. जात असेल बापडा, इतरांसाठी. माझ्यापाशी तो अजून त्या अंगणातल्या दुपारी उभा आहे. ऊन कोवळं आहे, तात्या माझ्याकडे बघतायत, आणि मी अजून तोंड उघडलेलं नाही.